पुलाऐवजी एक जीप

"छेद करना है, कि ऐसे ही चिपका दूँ?" माझ्या वडिलांनी गिऱ्हाइकाला विचारलं.

गिऱ्हाईक पंचकुल्याचं होतं. नवी कोरी काळी जीप, चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी उंच, आणि त्या चाकांवर चिखलाचा एक डाग नाही. बॉनेटच्या बाजूने निघून छपरापर्यंत जाणारा जाड काळा पाइप त्याला बसवून हवा होता. त्याला स्नॉर्कल म्हणतात. गाडी खोल पाण्यात शिरली की इंजिनाला हवा घेण्यासाठी वर काढलेलं ते नाक. नाक म्हटलं की त्याला आतपर्यंत वाट लागते, आणि वाट करायची तर पत्र्याला भोक पाडावं लागतं. गिऱ्हाइकाने भोकाचं नाव ऐकलं आणि छातीवर हात ठेवला.

"ना जी ना! छेद नहीं. बस लुक के लिए."

बाबांनी मान हलवली आणि तो पाइप चार स्क्रू आणि चिकटपट्टीवर बसवून दिला. नाक आहे, नाकपुडी नाही. गिऱ्हाईक खूष. त्याने गाडीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला, मग बाबांनाही शेजारी उभं केलं. सव्वीस वर्षं लष्कराच्या गाड्या नद्यांतून पार करणाऱ्या माणसाला त्या खोट्या पाइपाशेजारी हसताना मी पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

इंडस्ट्रियल एरियात बाबा ज्या गॅरेजात काम करतात त्याच्या मागच्या गल्लीत छापखाना आहे. मी तिथून आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले होते. पत्रकात एकच मागणी होती: चोवर पूल बांधा. डोंगरातून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्याला इथे चो म्हणतात. वर्षाचे नऊ महिने तो कोरडा असतो, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. उरलेले तीन महिने वर शिवालिकात पाऊस पडला की इकडे लख्ख ऊन असताना तासाभरात कमरेइतकं पाणी येतं. पलीकडे दोनशे घरांची वस्ती आहे. या दोनशे घरांतली माणसं शहराच्या सेक्टरांत कपडे इस्त्री करतात, आयटी पार्कच्या काचा पुसतात, कोठ्यांमधली, म्हणजे बंगल्यांमधली, बाग राखतात. त्यांना शहराशी जोडणारा एक बुटका फरशी पूल आहे, आणि पाणी आलं की सगळ्यात आधी तोच बुडतो. ज्या शहरात झाडं कुठल्या ओळीत लावायची हेसुद्धा नकाशात ठरलेलं असतं, त्या शहराला इथे एक पूल आठवला नाही. पाणी एका कार्यालयाच्या हद्दीतलं, रस्ता दुसऱ्याचा, वस्तीची जमीन तिसऱ्याची. फाइल मात्र कुणाचीच नाही.

आणि आदल्या दिवशी, मंगळवारी, चाचीचं डायलिसिस चुकलं होतं.

चाची त्या वस्तीत राहते आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्री करते. मी शाळेत होते तेव्हापासून माझ्या युनिफॉर्मच्या घड्या तिच्या हातच्या. मूळची पूर्वेकडची, गोरखपूरच्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ, हॉस्पिटलातलं ठरलेलं मशीन. उशीर झाला की ते मशीन पुढच्याला देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, पुढचाही मरायलाच टेकलेला असतो. पावसाळ्यात लोकांना चो पार करायला रस्त्याच्या कार्यालयाकडून एक उंच ट्रॅक्टर-ट्रॉली येते. ती येते दहा वाजता, कारण कार्यालय दहाला उघडतं. मंगळवारी सकाळी साडेसहापासून चाची पलीकडच्या काठावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होती. ट्रॅक्टर आला दहा वीसला. हॉस्पिटलात पोचली तेव्हा मशीनवर दुसरं कुणी होतं. दुपारी मी तिला पाहिलं तर पाय असे सुजले होते की चप्पल अर्ध्यात अडकलेली. म्हणाली, "शुक्रवार को हो जाएगा, बिटिया. पानी ही तो है." ती कुठल्या पाण्याबद्दल बोलत होती, चोतल्या की अंगात साठलेल्या, ते मी विचारलं नाही.

तर असा तो बुधवार. गिऱ्हाईक गेलं आणि मी बाबांसमोर गठ्ठा आपटला.

"मागे ताडपत्रीखाली जी आपली जीप पडलीय ना, ती पाण्यातून जाईल अशी करून द्या. खरी. भोकासकट."

ती जीप बाबांनी निवृत्तीनंतर लष्कराच्या लिलावात घेतली होती. जुनी, पेट्रोलची, आणि इतकी साधी की बॉनेट उघडलं की मलासुद्धा काय कुठे आहे ते दिसतं. मालकाच्या परवानगीने ती गॅरेजच्या मागच्या अंगणात असायची आणि बाबा रविवारी तिच्याशी खुडबुड करायचे.

"कशाला?" बाबा म्हणाले.

"चाचीला न्यायला."

"आगं, पाण्यातनं गाडी न्यायची ही काय हौस हाय व्हय? माणसं वाहून जात्यात. पोरी, पाण्याला पत्रक वाचता येत न्हाई."

त्यावर मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण बोलले तर आहे. "मग लोकांच्या गाड्यांना खोटी नाकं चिकटवायला येतात ती माणसं कोण? त्यांच्यासाठी वेळ आहे तुम्हाला. ज्यांना एकदाही ओलं व्हायचं नाही त्यांच्यासाठी!"

बाबांनी पाना पुसला, जागेवर ठेवला. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला पुरुष चिडले की ओरडतात. माझे वडील चिडले की हत्यारं जागेवर ठेवतात. मी पत्रकं उचलली आणि निघाले. मी पत्रकं लिहिते हिंदीत, भांडते पंजाबीत, पण जिव्हारी लागेल असं बोलायचं तर ते मला मराठीतच सुचतं, आणि घरात ते ऐकायला एकच माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर जीप ताडपत्रीबाहेर होती आणि बाबा तिच्या अंगावर खडूने रेघ मारत होते. पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत एक सरळ पांढरी रेघ, जमिनीपासून अडीच फुटांवर.

"पाणी हितवर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "रेघंच्या खाली जे जे हाय त्याला एकतर झाकायचं, न्हाईतर वर न्यायचं. ह्याच्याहून जास्त कायबी न्हाई त्यात. धर तो पाना."

पुढचे आठ दिवस मी सभा सोडून तिथे होते. मला वाटत होतं स्नॉर्कल बसवलं की झालं. बाबांच्या लेखी ते सगळ्यात सोपं काम होतं. त्यांनी लोखंडी पाइप वाकवून घेतला, पत्र्याला खरोखरचं भोक पाडलं, रबरी सांध्यांना पट्ट्या आवळल्या. मग इंजिन चालू करून मला म्हणाले, "पाइपाच्या तोंडावर तळहात ठीव." ठेवला. इंजिन धडधडतच राहिलं. "गळतंय," म्हणाले. हवा जर दुसरीकडून आत येत असेल तर पाणीही तिथूनच येणार. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा आवळलं. तिसऱ्या वेळेला मी तळहात ठेवला तशी पाइपाने माझा हात ओढून धरला आणि दोन आचक्यांत इंजिन बंद पडलं. बाबा पहिल्यांदा हसले. एखादी गोष्ट बंद पडल्यावर हसणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

मग बाकीचं. प्लगांना ठिणगी वाटून देणारी डबी ओली झाली तर गाडी जागीच मरते. तिच्या सांध्यांत त्यांनी ग्रीस भरलं आणि वायरींच्या तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. ॲक्सललाही श्वास घ्यायला एक छोटं भोक असतं हे मला माहीत नव्हतं. गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तेच भोक पाणी आत ओढतं. तिथून बारीक नळ्या काढून त्यांनी वर काचेपर्यंत नेल्या. धुराचा पाइप मागून उभा केला. समोर जाळीवर बांधायला ताडपत्री शिवून घेतली, आणि पाण्यात शिरायच्या आधी पंख्याचा पट्टा सैल करायचा हे माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, नाहीतर पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटर फाडतात. शेवटी त्यांनी तळाची बुचं काढून टाकली.

"बाबा, त्यातून पाणी आत येईल."

"येऊ दे की. पाणी आत आलं तर पाय भिजत्यात. न्हाई आलं तर गाडी तरंगती. तरंगली की गाडी आपली न्हाई, पाण्याची. चाकं भुईला पायजेत."

मी इतकी वर्षं चळवळीत आहे. इतकं नेमकं वाक्य मला एकाही पत्रकात लिहिता आलेलं नाही.

त्या आठ दिवसांत चाचीचं नशीब बरं होतं. चो उतरला होता आणि शुक्रवार, मंगळवार दोन्ही पायी निभावले. पुढच्या शुक्रवारी पहाटेपासून डोंगरात विजा चमकत होत्या. सहा वाजता आम्ही वस्तीच्या अलीकडच्या काठावर होतो. पाणी गढूळ, वर फेस, मधे झाडाच्या फांद्या वाहत होत्या.

"तू थांब," बाबा म्हणाले, "मी एकटा जातो."

"का?"

"आमच्यात रीत हाय. गाडी ज्यानं तयार केली, पहिल्या खेपंला त्यानं आत बसायचं. दुसऱ्याला बसवून बघायचं न्हाई."

"मग ट्यूबा कुणी चढवल्या? मीपण तयार केलीय."

त्यांनी मला बांबू दिला. पाण्यात आधी माणूस चालतो, मागून गाडी, हीदेखील त्यांचीच रीत. कमरेला दोर बांधून, दोराचं दुसरं टोक जीपच्या हुकाला, मी फरशीवरून पाय घासत, बांबू टोचत पुढे निघाले. फरशीची कड पाण्याखाली दिसत नाही, बांबू खाली गेला की कड संपली. पाणी मांडीच्या वर आलं नाही. मी पलीकडे पोचून हात केला आणि दोर सोडला. बाबांनी लगेच गाडी घातली नाही. दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून बॉनेटला टेकून उभे. पलीकडे चाची स्टुलावरून ओरडली, "भैया, चाय पी रहे हो क्या?" ॲक्सल थंड व्हायची वाट बघतायत हे मी तिला ओरडून सांगितलं, तिला ते पटलं नाही.

मग जीप आली. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, समोर ताडपत्रीने पाण्याची एक गोल घडी ढकलत. खडूची रेघ कोरडीच राहिली. मी चाचीला उचलून आत ठेवलं. पायाशी घोटाभर पाणी. जीप परतताना ती पूर्णवेळ रामाचं नाव घेत होती आणि काठाला लागल्यावर म्हणाली, "इतनी सी बात थी?" पावणेआठला ती हॉस्पिटलच्या दारात होती.

इथपर्यंत सगळं नीट होतं. इथून पुढे मी माती खाल्ली.

मी पत्रक काढलं. दुसरं काय येतं मला? जीप पाण्यात, चाची आत, बाबा स्टिअरिंगवर असा फोटो, आणि वर मथळा: 'एक बाप-बेटी ने कर दिखाया. सरकार कब करेगी?' खाली स्नॉर्कलपासून ट्यूबच्या तुकड्यांपर्यंत सगळं वर्णन. मला लाजवायचं होतं त्यांना. दोन माणसं आणि एक भंगार गाडी जर हे करू शकतात, तर तुमच्या खुर्च्या कशासाठी? आम्हाला शिकवलं जातं की पत्रकात एक तरी विजय असावा, नुसती रड वाचून लोक थकतात. मी विजय घातला. सेक्टरांत वाटलं, वस्तीत वाटलं, आणि ट्रॅक्टर पाठवणाऱ्या कार्यालयाच्या गेटवर उभं राहून प्रत्येक साहेबाच्या गाडीच्या काचेत सरकवलं. बाबांनी एक प्रत वाचली आणि एवढंच म्हणाले, "फोटू कशाला घातला?" मला वाटलं त्यांना संकोच झाला.

पुढच्या सोमवारी ट्रॅक्टर आला नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी सकाळी आम्ही चाचीला घ्यायला गेलो तेव्हा पलीकडच्या काठावर चाळीस-पन्नास माणसं उभी होती. डबे, दप्तरं, साफसफाईची पोतडी, आयटी पार्कचा निळा गणवेश घातलेल्या बायका. सगळी जीपकडे बघत होती. जीपमध्ये चालक धरून पाच माणसं बसतात.

एका माळ्याने मला विचारलं, "दीदी, ट्रैक्टर कब आएगा?"

"मुझे क्या पता?"

"आपको ही तो पता होगा. ड्राइवर बोला, अब जीप वाली मैडम पार कराएँगी. आपने पर्चे में लिखा है."

मागून रोज बुडालेलं कुणीतरी हसलं. "मैडम की विजय हो गई, हमारी दिहाड़ी गई."

बाबांनी चाचीला बसवलं, शाळेच्या तीन पोरी बसवल्या, आणि पाचाच्या वर एक माणूस घेतला नाही. दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेआधी बांबूवर पाणी रेघेएवढं भरलं तसं त्यांनी काठावरच इंजिन बंद केलं. लोक चिडले, बाबांना नाही, मला बोलले. बरोबर बोलले.

मी तशीच, ओल्या सलवारीने, कार्यालयात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं. टेबलावर फाइल होती आणि फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात, माझं पत्रक. आजवर मी काढलेल्या कुठल्याच पत्रकाची इतकी नीट कुणी जपणूक केली नव्हती. त्यांनी त्यातल्या ओळींखाली हिरव्या शाईने रेघा मारल्या होत्या.

"बहुत अच्छा लिखती हैं आप," साहेब म्हणाले.

"ट्रैक्टर क्यों बंद किया?"

"देखिए, ट्रैक्टर की ज़रूरत दूसरी जगह भी है. यहाँ तो वैकल्पिक व्यवस्था हो गई. आपने ही लिखा है, 'सुरक्षित पार कराया'." बोटाने ओळ दाखवली. "और पुल का प्रस्ताव भी... अब उतना अर्जेंट नहीं रहा."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेब मात्र शेवटपर्यंत गोड. सरकारी गोडव्यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. शिवी दिली असती तर तिच्यावर निदान पत्रक काढता आलं असतं.

संध्याकाळी वस्तीत जाऊन मी जाहीर केलं: उद्यापासून जीप बंद. आपण सगळे काठावर बसू. एकही माणूस पार होणार नाही, शहराच्या इस्त्र्या थंड पडू देत, काचा घाण होऊ देत, मग बघू पूल कसा होत नाही. मला वाटलं टाळ्या पडतील. इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसलेली चाची बोलली, आणि हळू नाही बोलली.

"और मैं?"

"चाची, तुम्हारे लिए ही तो..."

"मेरे लिए? शुक्रवार को मैं किनारे पे बैठूँ, तेरी फोटो में? मर गई तो पर्चा छापेगी? अच्छा छापना, बिटिया. मेरा फोटो जवानी वाला डालना."

लोक हसले. ती नाही हसली. मला पहिल्यांदा समजलं की माझ्या डोक्यात तिची एक जागा मी ठरवून टाकली होती, आणि ती जागा साहेबांच्या फाइलीतल्या जागेपेक्षा फार वेगळी नव्हती. गाडी चालू ठेवली तर पूल विसरा, ट्रॅक्टर विसरा. बंद केली तर चाची. हा पेच साहेबांनी घातला असता तर मी त्यांना सोलून काढलं असतं. पण तो मी घातला होता, ठळक अक्षरांत, दोन हजार प्रतींत.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. जेवण संपवून, हात धुऊन म्हणाले, "कागुद घे."

"पत्रक?"

"न्हाई. फॉर्म. गाडी पाण्यात घालायची तर आमच्याकडं कागुद लागायचा. मिस्तरीनं सही करायची, गाडी फिट हाय म्हणून. आन् गाडीला पाठवणाऱ्या साहेबानं सही करायची, मी पाठवतोय म्हणून. दोन सह्या बगैर गाडी हलायची न्हाई. लिही."

मी लिहायला बसले. वाहन: जुनी पेट्रोल जीप, एक. पाण्याची खोली: अडीच फुटांपर्यंत. माणसं: चालक धरून पाच. अट: आधी माणूस चालून गेल्याशिवाय गाडी उतरणार नाही. प्रवाह वाढल्यास फेरी रद्द. रोजची माणसं: सुमारे दीडशे. लागणाऱ्या खेपा: आकडा काढला आणि माझं मलाच हसू आलं. तयार करणार: बाबांचं नाव, हुद्दा, सही. आणि खाली: पर्यायी व्यवस्था म्हणून हे वाहन पाठवणारे जबाबदार अधिकारी, आणि पुढे रिकामी रेघ.

"वर एक मथळा टाकू?" मी विचारलं.

"हात तोडीन," बाबा म्हणाले.

बुधवारी ते माझ्याबरोबर आले. पांढरा शर्ट, चाचीच्या इस्त्रीचा. साहेबांसमोर ते बसले नाहीत, उभेच राहिले, आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. साहेबांनी वाचला. रिकाम्या रेघेपाशी आले आणि थांबले.

"इस पर मैं क्यों साइन करूँ?"

"सर, तैयार मैंने की है, मेरा साइन ऊपर है," बाबा म्हणाले. "भेज आप रहे हैं."

"मैं कहाँ भेज रहा हूँ? प्राइवेट गाड़ी है आपकी."

"फाइल में तो सर, व्यवस्था लिखा है."

"वो तो... आपकी बेटी ने..."

"बेटी पर्चा लिखती है, सर. गाड़ी पर्चे से नहीं चलती. कल को पाँच आदमी बह गए तो इन्क्वायरी में दो साइन पूछेंगे. एक मेरा है."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा खाली केला, म्हणजे गप्प. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेली नाही.

"हम किसी प्राइवेट जीप को अधिकृत नहीं कर सकते," शेवटी साहेब म्हणाले.

"ठीक है, सर. यही लिख दीजिए."

पाऊण तास लागला. दोनदा वरच्या मजल्यावर फोन, एकदा शिपायाकडून माझ्यासाठी पाणी. शेवटी कार्यालयाच्या कागदावर शिक्क्यासह तीन ओळी आल्या: सदर खाजगी वाहन ही या कार्यालयाची व्यवस्था नाही, त्याच्या वापरास कार्यालय जबाबदार नाही. बाबांनी कागद वाचला, घडी घातली, सलाम ठोकला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता ह्याची झेरॉक्स काढ आन् वरच्या सायबाला धाड. व्यवस्था न्हाई म्हणून त्येंनीच लिवलंय. मग ट्रॅक्टर का न्हाई, ते त्येंना सांगू दे."

सोमवारी ट्रॅक्टर आला. दहा वीसला.

हा विजय नाही, आणि मी त्याचं पत्रक काढलेलं नाही. पूल नाही. पुलाचा प्रस्ताव पुन्हा अर्जेंट झाला आहे असं कळवलंय, म्हणजे तो आता एका जास्त लाल रंगाच्या पाकिटात पडला असणार. ट्रॅक्टर आठ वाजता का येऊ शकत नाही, यावर माझे तीन अर्ज आहेत. एकालाही उत्तर नाही. या शहरात खोट्या नाकाच्या जीपा शोरूमबाहेर ओळीने उभ्या आहेत आणि एका इस्त्रीवालीला जगण्यासाठी आठवड्यातून दोनदा माझ्या वडिलांची म्हातारी गाडी लागते. हे लिहिताना माझी कानशिलं तापली आहेत आणि ती निवावीत अशी माझी अजिबात इच्छा नाही.

गाडी आता मी चालवते. बाबा पुढे बांबू घेऊन चालतात. ते काम मला देत नाहीत, म्हणतात चालवणं सोपं आहे. गेल्या शुक्रवारी वस्तीकडच्या काठावर कार्यालयाने एक नवी कोरी पाटी लावलेली दिसली, लोखंडी खांबावर, सिमेंटमध्ये घट्ट रोवलेली. मी बाबा चालत शहराच्या काठाला पोचेपर्यंत थांबले होते. चाची शेजारी बसली होती.

"क्या लिखा है, पढ़ के सुना."

"जलभराव के समय पुल पार करना मना है."

चाचीने पाटीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सव्वासात झाले होते.

"लिखने दे," ती म्हणाली. "तू चल."

बाबांनी पलीकडून बांबू वर केला. मी पहिला गिअर टाकला.